स्वच्छ परत आलेली यंत्रं

“जाधव मॅडम, ती एनर्जी-हेल्थवाली सीट आहे ना, ती बंद करून बॅटरीच्या ग्रुपला देऊ या. रिव्ह्यूच्या अजेंड्यात एक ओळ घाला.”

डायरेक्टरसाहेब फोनवर होते. मी पेन उचललं.

“कारण काय लिहू, सर?”

“काही सापडलं नाही म्हणून लिहा. शब्द हेगडे सर देतील. आयितु?”

“आयितु, सर,” म्हणून मी फोन ठेवला. आयितु म्हणजे झालं. पण मी ओळ लिहिली नाही. त्या सीटवर रेणुका होती, आणि सीट गेली की रेणुकाला परत जायला जागा नव्हती.

आधी माझं काम सांगते. धारवाडच्या एका संशोधन संस्थेत मी फेलोशिप विभाग सांभाळते. आमच्याकडे फंडेड पीएचडीच्या जागा असतात. सायन्स, एनर्जी आणि हेल्थ असे तीन विभाग. फंडेड म्हणजे विद्यार्थ्यानं फी भरायची नाही, उलट त्यालाच दरमहा पैसे मिळतात, आणि यंत्रसामग्री, प्रवास, सगळा खर्च निधी देणारी संस्था करते. लोकांना हे पटत नाही. दर वर्षी जाहिरात निघाली की फोन येतात. “डोनेशन किती?” असं विचारतात. नाही म्हटलं की, “मग नंतर काय मागणार?” एका गृहस्थांनी तर ही फसवणूक आहे असं समजून मलाच झापलं होतं.

दर वर्षी रिव्ह्यू होतो. बाहेरचे तज्ज्ञ येतात, प्रत्येक विद्यार्थी काय केलं ते दाखवतो, आणि सीट पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरतं. सीट बंद झाली की पैसे बंद. थोडं थांबा, बघू, असलं काही त्यात नसतं.

रेणुका हुबळीची. गोकुळ रोडला तिच्या वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. ती अळणावरच्या बाजूला एका गावातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. कायम नोकरी होती. पहिल्या तासाला वर्गातल्या मुली खोकायच्या, आणि त्यांच्या वह्यांना धुराचा वास यायचा. तेवढ्यावरून तिनं आमच्याकडे अर्ज केला. मुलाखतीत तिला विचारलं, नोकरी सोडणार का? ती म्हणाली, “सोडते.” वडील मुलाखतीनंतर माझ्या टेबलाशी आले होते. “मॅडम, ही जागा पक्की आहे ना? हिला आम्ही समजावून दमलो.” मी म्हणाले होते, “काम पक्कं असलं की जागा पक्की.” हे वाक्य मी सगळ्यांनाच सांगते.

तिचा विषय सोपा होता. ती शिकवायची त्याच गावातल्या स्वयंपाकघरांतला चुलीचा धूर आधी मोजायचा. मग छोटा पंखा बसवलेली सुधारलेली चूल द्यायची आणि पुन्हा मोजायचा. सोबत घरातल्या बायकांचा श्वासही तपासायचा. एका नळीत जोरानं फुंकायचं, त्यावरून फुफ्फुसाचा जोर कळतो. धूर एनर्जीकडे, श्वास हेल्थकडे. म्हणून तिला दोन गाइड होते. एनर्जीचे हेगडे सर आणि हेल्थच्या डॉक्टर पाटील मॅडम, हुबळीला छातीच्या आजारांवर उपचार करतात त्या.

चूल द्यायच्या आधीच्या मोजणीला बेसलाइन म्हणतात. घर बांधायच्या आधी जमीन मोजतात, तसं ते. रेणुकाची बेसलाइनच बसत नव्हती. धुराचं यंत्र सांगत होतं की या स्वयंपाकघरांत धूर जवळजवळ नाही. नळी सांगत होती की या बायकांचा श्वास कमी पडतो.

हेगडे सरांचं म्हणणं, “घरोघरी गॅस आला, धूर संपला. आता नव्या चुलीचं काय काम? फुंकायच्या टेस्टमध्ये चूक असणार.”

पाटील मॅडमचं म्हणणं, “माझी नळी रोज ओपीडीत चालते. चूक असेल तर तुमच्या डब्यात.”

दोघंही मोठी माणसं. दोघांनी एकमेकांच्या खोलीत जाणं बंद केलं. मग दोघांच्या निरोपांची ने-आण रेणुकानं करायची. आणि शेवटी सगळ्यांत सोपा मार्ग डायरेक्टरसाहेबांना सुचला. सीटच बंद करू.

मी रेणुकाला बोलावलं.

“तुला कळलंय?”

“कळलं, मॅडम.”

“तुझं काय मत? कोण चुकतंय?”

“दोघंही नाही वाटत. मी मशीन स्वतः लावते, स्वतः काढते. टेस्ट स्वतः घेते. मग मीच चुकते असं होतं ना?”

“असं मी म्हटलं नाही. त्या घरांत चूल पेटते का?”

“पेटते, मॅडम. गॅस आहे, पण भाकरी, भात, अंघोळीचं पाणी सगळं चुलीवर. सिलिंडर आणायला अळणावरला जावं लागतं. भिंती काळ्या आहेत, मी बघितल्यात.”

“मशीन चालू असताना चूल पेटलेली बघितलीस?”

तिनं विचार केला. “सकाळची बस पकडून जाते. जाईपर्यंत त्यांचा सकाळचा स्वयंपाक झालेला असतो. मशीन लावते आणि दुपारच्या बसनं परत येते. दुसऱ्या दिवशी दुपारी काढते.”

म्हणजे नाही. मी तेवढं लिहून घेतलं.

मग मी स्टोअरमध्ये गेले. यंत्रं तिथं जमा होतात. स्टोअरचा मंजुनाथ आमच्याकडे माझ्याइतकाच जुना. त्याला म्हटलं, रेणुकाची मशीनं दाखव. त्यानं कपाट उघडलं तो अभिमानानंच.

“बघा मॅडम. पेटीतून काढल्यासारखी. असे स्टुडंट पाहिजेत. ते बॅटरीवाले आणतात, काय सांगू, अॅसिड काय, गंज काय.”

जेवणाच्या डब्याएवढ्या पांढऱ्या पेट्या होत्या. पुढे जाळी, आत छोटा पंखा. पंखा हवा ओढतो, यंत्र त्यातले धुराचे कण मोजतं आणि आतल्या चिपमध्ये साठवतं. मी एक उचलून खिडकीपाशी नेली. जाळी पांढरी. कोपरे पांढरे. बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही.

“तू पुसतोस का?”

“मी कशाला पुसू? अशीच येतात.”

माझ्या घरी गॅस आहे. चिमणी पण आहे. तरी ओट्याजवळच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाडव्याला लावलं तर दिवाळीपर्यंत चिकट होतं, बोट लावलं की पान फाटतं. आणि ही पेटी चुलीजवळ दिवस-रात्र टांगून अशी परत येते? घरी लग्नाची पैठणी तरी इतकी पांढरी राहील का, असं मी मंजूला म्हणाले. तो म्हणाला, “पैठणी पांढरी नसते मॅडम.” ते खरं होतं. पण मुद्दा पैठणीचा नव्हता.

मी डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, ती ओळ रिव्ह्यूपर्यंत थांबवते.”

“का?”

“मशीनं फार स्वच्छ आहेत.”

त्यांनी चष्मा काढला. “मॅडम, हे कारण मी कुणाला सांगू?”

“सांगू नका. फक्त थांबा. रिव्ह्यूपर्यंत काही निघालं नाही तर ओळ मी स्वतः टाइप करते, आणि रेणुकालाही मीच सांगते.”

“बॅटरीचे लोक विचारतायत.”

“त्यांना सांगा, जाधव मॅडम फाइल अडवून बसल्यात. ते लगेच मानतील.”

ते हसले. “हौदु, खरंय, ते मानतील.”

पुढच्या खेपेला रेणुकानं नेहमीसारखी सकाळी जाऊन मशीनं लावली आणि परत आली. संध्याकाळी मी ऑफिसची गाडी घेतली आणि तिला म्हटलं, चल. ती बिचकली. “त्यांना फोन केलेला नाही, मॅडम.”

“म्हणूनच चल.”

गावात शिरताना दिवेलागण होत होती. रेणुका खिडकीतून बघत होती आणि एकदम म्हणाली, “गाडी थांबवा.”

कौलारू घरांची ओळ होती. अशा वेळी कौलांच्या फटींतून धूर निघतो. काही घरांच्या कौलांतून तो निघतही होता. पण चार घरं अशी होती की त्यांच्या कौलांतून काहीच निघत नव्हतं आणि धूर मागच्या परसातून येत होता.

“ती माझी घरं आहेत,” रेणुका म्हणाली.

आम्ही पहिल्या घरी गेलो. गंगव्वाचं घर. गावात बहुतेक सगळे तिला गंगक्का म्हणतात. तिची धाकटी मुलगी रेणुकाच्या वर्गात होती. त्या घरात रेणुका अजून टीचरच.

“अगं टीचर! ह्या येळंला?” गंगक्का परसातून आली, पदराला हात पुसत. “आणि ह्या बाई कोण? या की, बसा की.”

आम्ही बसलो नाही. स्वयंपाकघराच्या दारातून आत बघितलं. जमीन नुकती सारवलेली. चूल थंड. समोरच्या भिंतीला खिळ्यावर पांढरी पेटी, पंखा बारीक आवाज करत फिरतोय. इमानेइतबारे स्वच्छ हवा मोजत होती. मागच्या दारातून परस दिसत होतं. तिथं तीन दगड, त्यावर भाताचं पातेलं, आणि धूर नुसता आडवा पसरलेला.

“गंगक्का,” रेणुका हळू म्हणाली, “चूल बाहेर का मांडलीस?”

“मंग? मशीन आत हाय न्हवं!”

“असू दे की. मशीन त्याच्यासाठीच आहे.”

“व्हय तर! पयल्या बारीला माझ्याच घरी लावलं हुतं. काळंमिट्ट झालं. तुझा साहेब तुला किती बोलला, तूच येऊन सांगितलीस.”

“मी हसत सांगितलं होतं.”

“तोंड हसत हुतं. डोळं न्हवतं.” गंगक्का माझ्याकडे वळली. “मंग आमी बायकांनी ठरवलं बाई. मशीन आलं की दोन टायम भाईर रांधायचं. आमच्या पोरींना शिकवलेली बाई ती, आमच्यापायी तिला बोलणी का म्हणून बसायची?”

“आणि पावसात?” मी विचारलं.

“पावसात गोठ्यात.”

“घरातले काही म्हणत नाहीत?”

“म्हणत्यात की. भाकरीत माती लागती म्हणत्यात. मी म्हटलं, एक दिवस खा, मरत न्हाईस.”

रेणुका भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. आजवरची सगळी बेसलाइन म्हणजे रिकाम्या स्वयंपाकघरांची हवा होती. मला ते दिसत होतं. पण गाडी परत न्यायची होती आणि काम बाकी होतं.

“रडायचं असेल तर गाडीत,” मी तिला म्हणाले. “आधी विचारून घे, किती घरांत हे चालतं, आणि पहिल्या खेपेपासून की नंतर.”

तिनं नाक पुसलं आणि वही काढली. सगळ्या घरांत चालत होतं. पहिली खेप सोडून.

आम्ही निघताना गंगक्कानं मला निरखून बघितलं. “तुमीच व्हय ते बोलणारं साहेब?”

“नाही. मी त्या साहेबांची कामं मार्गी लावते.”

“मंग त्यास्नी सांगा. भाकऱ्या करताना काळं हुतंच. भिंत दसऱ्याला सारवती मी.” तिनं छातीवर हात ठेवला. “हितलं कशानं सारवू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी हेगडे सरांच्या लॅबमध्ये गेलो. हेगडे सर वाईट माणूस नाहीत. यंत्रांवर त्यांचा जीव आहे, इतकंच. लॅबमध्ये चप्पल घालून आलेल्या माणसाशी ते बोलत नाहीत. रेणुकानं सगळं सांगितलं. त्यांनी स्क्रीनवर तिची रीडिंग उघडली.

“ती पहिली खेप,” मी विचारलं, “तिची रीडिंग कुठे आहेत?”

“ती आपण टाकून दिली. युनिट घाण झालं होतं. खूप हाय आली होती.”

“हाय म्हणजे धूर जास्त?”

“हाय म्हणजे यंत्रात बिघाड, असं धरतात. जाधव मॅडम, काजळी बसली की सेन्सर आंधळा होतो. उगाच ओरडलो नाही मी.”

“ते मान्य आहे, सर. पण धूर मोजायचं यंत्र धुरात न्यायचं नाही, तर न्यायचं कुठे?”

“बायका काय करतात ते माझं डिपार्टमेंट नाही.”

“बरोबर. ते मी आणि रेणुका बघतो. सेन्सरवरची काजळी हे मात्र तुमचं डिपार्टमेंट. काळं झालेलं यंत्र परत कसं नीट करायचं आणि ते नीट झालं हे कसं तपासायचं, तेवढं तुम्ही ठरवा.”

ते म्हणाले, “प्रत्येक घरानंतर उघडून साफ करता येईल. लॅबमधल्या मोठ्या यंत्राशेजारी ठेवून दोघांचं जुळतं का बघता येईल. वेळ जाईल.”

“जाऊ दे. आणि तुम्ही गावात यायचं.”

“मी? कशाला?”

“रेणुकानं सांगितलं तर त्या म्हणतील, पोरगी आमच्यासाठी खोटं बोलते. मी सांगितलं तर, ही कोण? त्यांना भीती साहेबांची आहे. ती साहेबांनीच काढायला पाहिजे.”

“मला मराठी नीट येत नाही.”

“त्यांना कन्नड येतं, सर. आणि तुम्ही रेणुकाला ओरडता ते सगळ्यांना कळतं.”

रेणुकानं खाली बघितलं. हेगडे सरांनी कारची किल्ली उचलली.

गावात सगळ्या बायका गंगक्काच्या अंगणात जमल्या. हेगडे सर उभे राहिले आणि मराठीतच बोलले, ते मला आवडलं. “मशीन काळा झाला तर चालतंय. काळा झालाच पाहिजे. चूल आत पेटवा, रोजच्यासारखं.”

“टीचरला बोलणार न्हाई न्हवं?” गंगक्कानं विचारलं.

“नाही बोलणार.”

“आमच्या म्होरं सांगा तिला.”

हेगडे सर रेणुकाकडे वळले. “रेणुका, मी बोलायला नको होतं.”

अंगणात कुणीतरी हसलं. गंगक्का म्हणाली, “आता च्या घ्या,” आणि त्यांना स्वयंपाकघरात नेऊन चुलीसमोर पाटावर बसवलं. पाहुण्याला परत कसं पाठवायचं? चूल पेटली. चहा उकळेपर्यंत सर तिथेच. बाहेर आले तेव्हा डोळे लाल, रुमाल ओला.

“हे... रोज?” त्यांनी विचारलं.

“रोज कुठं?” गंगक्का म्हणाली. “आज पाव्हणं म्हणून वाळली लाकडं घातली.”

पुढचा आठवडा आम्ही सगळे कामाला लागलो. चूल आत पेटली. यंत्रं परत आली, काळी, चिकट, जाळीवर काजळीचा थर. मंजूनं ती हातात घ्यायला नकार दिला.

“डॅमेज आहे मॅडम. मी घेणार नाही.”

“डॅमेज नाही. कामावरून आलंय.”

“असं कुठं लिहिलेलं नाही.”

मी सही करून यंत्रं घेतली. मंजू दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

आणि आता सगळं सरळ होईल, असं मला वाटलं. झालं नाही. रेणुका रीडिंग घेऊन माझ्याकडे आली ती गोंधळून.

“गंगक्काच्या घरची फारच जास्त आलीत, मॅडम. बाकीच्यांपेक्षा कितीतरी.”

“छान ना? रिव्ह्यूत दाखवायला बरं.”

ती उभीच राहिली. “हेगडे सरांनी पहिली खेप टाकली, कारण ती त्यांना नको होती तशी आली. ही मला हवी तशी आलीय. म्हणून ठेवू?”

मी पेन खाली ठेवलं. सीट तिची जाणार होती, माझी नाही. “फोन लाव,” मी म्हणाले.

तिनं फोन स्पीकरवर टाकला.

“गंगक्का, मशीन असताना चुलीत काय घातलंस?”

“ओली लाकडं. आणि दाणं काढलेली मक्याची कणसं. भरपूर.”

“रोज घालतेस?”

“न्हाई गं. रोज का डोळं फोडून घेऊ? साहेब म्हणाला न्हवं, काळा पाहिजेच. मी म्हटलं, पोरीला शाबासकी मिळू दे.” मग काळजीनं, “कमी पडलं काय? अजून एक दिस ठेव की मशीन. टायर हाय जुना.”

“टायर नको!” रेणुका ओरडली.

हसू आवरल्यावर आम्ही बसून ठरवलं. आधी बोलणी बसतील म्हणून त्या धूर लपवत होत्या. आता शाबासकी मिळेल म्हणून धूर वाढवत होत्या. दोन्ही वेळा पोरीसाठीच. म्हणजे रागही नको आणि कौतुकही नको. मशीन एक दिवस लावून काढलं तर ते पाहुणा राहतं. महिनाभर तिथंच राहिलं तर कोण त्याच्यासाठी बाहेर रांधेल, आणि कोण ओली लाकडं शोधत बसेल? हेगडे सरांनी रेणुकाला काजळी जागेवरच साफ करायला शिकवलं आणि बॅटरी जास्त चालेल अशी व्यवस्था केली. ती त्यांना बॅटरीच्या ग्रुपकडून घ्यावी लागली, त्याच सीटवर डोळा असलेल्यांकडून. त्यांनी दिली, थोडी कुरकुर करत.

दरम्यान मी डायरेक्टरसाहेबांना सांगितलं की रिव्ह्यू नेहमीपेक्षा थोडा उशिरा ठेवू, बाहेरच्या एका तज्ज्ञांना आधीची तारीख जमत नाही. ते खरंच होतं. अशा गोष्टी मी खोट्या सांगत नाही, फक्त योग्य वेळी सांगते.

पहिले काही दिवस मशीनचा मान राहिला. गंगक्का म्हणे त्याच्याशी बोलायची. मग विसरली. एकदा तिनं त्याच खिळ्यावर लसणाची जुडी टांगली. रेणुकानं फोटो काढला आणि मला पाठवला, खाली लिहिलं, “मॅडम, आता बसलं.”

रिव्ह्यूच्या दिवशी रेणुकानं गोकुळ रोडवरून आलेल्या वडिलांना बाहेर बाकावर बसवलं होतं. ते मला बघून उभे राहिले. “जागा पक्की ना, मॅडम?” मी म्हणाले, “बघू या.” ते परत बसले.

आत रेणुका बोलली. महिनाभराच्या रीडिंगमध्ये आता ज्या घरात धूर जास्त, तिथल्या बाईचा श्वास कमी, असं ढोबळमानानं दिसत होतं. पाटील मॅडमनी मान हलवली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी चष्म्यावरून बघितलं.

“तुमची आधीची सगळी रीडिंग वाया गेली म्हणायची?”

याच प्रश्नाची मला भीती होती. त्या रीडिंगवर पैसे, वेळ, सगळं खर्च झालं होतं.

“नाही सर,” रेणुका म्हणाली. “तीच घरं, तीच माणसं, तीच यंत्रं. एकदा चूल बाहेर, एकदा चूल आत. अशी तुलना मला ठरवून करता आली नसती. गावातल्या बायकांनी ती करून ठेवलीय. नवी चूल यायच्या आधीच, नुसती जागा बदलली तर काय फरक पडतो हे आता कळतं.”

तज्ज्ञांनी काहीतरी लिहिलं. “आणि पहिली खेप का टाकली होती?”

रेणुकानं तोंड उघडलं. त्याआधी हेगडे सर बोलले. “ती मी टाकली. यंत्र घाण दिसलं म्हणून. चूक माझी.”

डायरेक्टरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी अजेंड्याकडे बघितलं. त्यात ती ओळ नव्हती.

सीट राहिली. एनर्जीत की हेल्थमध्ये, हा वाद अजून आहे. पगाराच्या वेळी तिला हेल्थ म्हणतात, यंत्राच्या वेळी एनर्जी. बॅटरीच्या प्राध्यापकांनी काही महिने माझ्याकडे बघून हसणं सोडलं होतं. रेणुकाचे वडील बातमी कळल्यावर एवढंच म्हणाले, “म्हणजे पुढच्या रिव्ह्यूपर्यंत.” मी हो म्हणाले. त्यांच्या वर्कशॉपमध्ये आता नव्या चुलींचे पंख्याचे भाग बनतात. ते बनवताना ते पोरीवर चिडलेले असतात, असं ती सांगते, पण माप बिनचूक देतात.

मी स्टोअरसाठी एक सूचना लिहून कपाटाच्या दारावर चिकटवली. बाहेरून यंत्र परत आलं की रागवायचं नाही. कौतुकही करायचं नाही. घ्यायचं, नीट बघायचं, आणि मगच पुसायचं.

मंजूनं ती वाचली, दोनदा वाचली, आणि म्हणाला, “मॅडम, म्हणजे चेहरा कसा ठेवायचा?”

“जसा आहे तसा.”

परवा रेणुका अळणावरहून एक यंत्र घेऊन आली. काजळीनं माखलेलं. जाळीत लसणाची साल अडकलेली. मंजूनं ते दोन बोटांनी धरलं, खिडकीपाशी नेलं, सगळीकडून बघितलं आणि टेबलावर ठेवलं. तोंडातून शब्द काढला नाही. त्याचा चेहरा मात्र बघण्यासारखा होता.